लेन्सची कड

फेब्रुवारी लागला की आमच्याकडे हवेला हरभऱ्याचा वास येतो. सोंगून ढीग लावलेल्या हरभऱ्याचा, आंबटखारा. नुसता हात लावला तरी बोटं चरचरतात. सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं आणि दुपारी तेच काढून फेकावंसं वाटतं. पळसाने पानं टाकलेली असतात, पण फूल अजून धरलेलं नसतं, त्यामुळे धामणगाव बढ्याच्या रस्त्याने गाडी हाकताना दोन्ही बाजूंना नुसत्या काड्या दिसतात. याच दिवसांत शाळा-कॉलेजांत निरोपाचे कार्यक्रम होतात. भाड्याच्या खुर्च्या, कर्णा, बुंदीचं पातेलं आणि शेवटी मैदानावर सगळ्यांचा मिळून एक फोटो. लोकांना फेब्रुवारी म्हणजे हरभरा आणि परीक्षा. मला तो ग्रुप फोटोचा हंगाम.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. परवा आमच्या बारावीच्या पोरांनी मोबाईल आडवा धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत, अख्ख्या वर्गाचा लांबलचक फोटो काढला. एक जण अलीकडच्या टोकाला उभा राहिला आणि मोबाईल पुढे सरकताच मागच्या मागे धावत पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. फोटोत तो दोन्हीकडे.

"सर, हा पाहा आमचा जुळा," पोरं म्हणाली.

मीही हसलो. मग सवयीने फोटो बोटांनी मोठा केला आणि कडेचे चेहरे बघू लागलो. एक पोरगी म्हणाली, "सर, मधात पाहा ना, तुम्ही मधात आहात."

मी कोणताही ग्रुप फोटो कडेकडून बघायला लागतो. मधली माणसं आपापली सोय लावून घेतात. कडेच्यांचं काय झालं ते बघावं लागतं.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी सांगतो, कारण सांगायला मला आवडतं. माझे बाबा सही करायला शिकले ते माझ्या पाटीवर. बी.एस्सी.ला मी मलकापूरला जायचो. एस. टी. चुकली तर ट्रकने, ट्रक नाही मिळाला तर त्या दिवशी कॉलेज नाही. प्रकाशकिरण काचेतून जाताना का वाकतो हे मी पुस्तकात शिकलो, पण त्या वाकण्याने माणसांचं काय होतं हे बघितलं ते युसुफभाईंच्या स्टुडिओत. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर फोटोंना जायचो. ते चाळिशीतले, धामणगाव बढ्याच्या बाजारात त्यांचं दुकान. मागच्या पडद्यावर हिरवं तळं आणि दोन बदकं रंगवलेली. तालुक्यातली निम्मी लग्नं जमली ती त्या बदकांसमोर बसलेल्या पोरींच्या फोटोंवर.

युसुफभाईंकडे एक रशियन कॅमेरा होता. मुंबईच्या जुन्या बाजारातून उचललेला. बाकी फोटोग्राफर त्याला हसायचे, कारण तो कॅमेऱ्यासारखा दिसतच नव्हता. लांबट डबा, आणि पुढे मधोमध आडव्या पोटात बसवलेलं एक उभं पिंप. त्या पिंपात लेन्स. बटन दाबलं की पिंप घर्र करत डावीकडून उजवीकडे वळायचं. युसुफभाई त्याला फिरकी म्हणत.

साध्या कॅमेऱ्याची लेन्स एका जागी खिळलेली असते. काचेच्या मधोमध येणारा प्रकाश सरळ येतो आणि चोख उमटतो. कडेने येणारा तिरका येतो, आणि तिरक्या प्रकाशाला पुरून उरेल अशी काच अजून कोणी घडवलेली नाही. कितीही भारी घ्या. कड थोडी काळवंडते, थोडी ओढली जाते, थोडी विरघळते. फिरकीचं तसं नव्हतं. तिची लेन्सच वळायची. फिल्मवर एकेक उभी पट्टी उमटवत ती पुढे जायची, आणि रांगेतला प्रत्येक जण त्याची पाळी आली की लेन्सच्या बरोबर मधोमध यायचा. काच तशी मामुलीच. फार मोठा केला तर फोटो मऊ पडायचा, पिंप कुठे अडखळलं तर आभाळात उभे पट्टे यायचे. पण जे काही होतं ते सगळ्यांना सारखं होतं. सरपंचाला जेवढे नाकडोळे मिळाले, तेवढेच टोकाच्या माणसाला.

फिरकीसाठी लोकांना सरळ रांगेत उभं करून चालत नाही. मधले मोठे येतात आणि टोकाचे लहान. म्हणून आम्ही ट्रायपॉडच्या पायाला दोरी बांधायचो, मी दुसरं टोक धरून मैदानात अर्धा फेरा मारायचो आणि कबड्डीला टाकतात तशी फक्की टाकत कमान आखायचो. त्या पांढऱ्या रेघेवर सगळ्यांनी उभं राहायचं.

"गजू, दोरी ढिल्ली सोडू नको बे," युसुफभाई तिकडून ओरडायचे. "सगळे कॅमेऱ्यापासून बराबर पाह्यजे. सरपंच असो का सरपंचाचा बैल."

हे वाक्य ते प्रत्येक गावात म्हणायचे, आणि प्रत्येक गावात लोक हसायचे. सरपंचही हसायचा, थोडं उशिरा.

माझी धाकटी बहीण वनिता आठवीत होती, त्या फेब्रुवारीत आमच्या गावच्या शाळेचा रौप्यमहोत्सव होता. शाळा मीही शिकलो तीच. पत्र्याच्या दोन खोल्यांची शाळा तोवर मोठी झाली होती. कमान उभारली, भिंतींना चुना मारला, झाडांच्या बुंध्यांना गेरू. मोठे साहेब येणार होते. अख्ख्या शाळेचा एक लांब फोटो काढायचा ठरला. मुख्याध्यापकांनी आम्हाला सांगितलं आणि संस्थेच्या लोकांनी परस्पर अकोल्याच्या एका फोटोग्राफरला सांगितलं.

अकोल्याच्या माणसाचा कॅमेरा जपानी. तोही लांब फोटो काढणारा, पण न फिरणारा. दोन हातांनी उचलावा लागे. निगेटिव्ह वीतभर लांब. युसुफभाईंनी तो हातात मागून घेतला, लेन्ससमोर तोंड नेऊन पाहिलं आणि परत देताना नुसतं म्हणाले, "काच हाय बाप्पा." त्यांनी कोणाच्या काचेला इतकं म्हटलेलं मी परत ऐकलं नाही.

सकाळी मी घरून लवकर निघालो होतो, कारण कमान आखायची होती. निघताना माय वनिताला पायरीवर बसवून तिची वेणी घालत होती आणि वनिता "दुखते व माय" म्हणत होती. सकाळच्या गारठ्यात खोबरेल तेल थिजलं होतं आणि मायने बाटली चुलीजवळ ठेवली होती. एवढं मला आठवतं. पुढचं मी बघितलं नाही.

पीटीच्या सरांनी पोरं उभी करायला घेतली. त्यांची एक पद्धत होती, माझ्या वेळेपासूनची. पांढरे बूट, नवा गणवेश, मुलींना दोन्ही वेण्यांत लाल रिबिनी असं सगळं ठीकठाक असेल ते मधे, पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या मागे. ज्याचं काही कमी ते टोकांकडे. जेवढं कमी, तेवढं टोकाकडे. ते रागावत नसत. नुसते दंडाला धरून माणूस सरकवत जात, गोण्या रचाव्यात तसे. वनितालाही त्यांनी थोडं वरखाली बघून उजव्या टोकाकडे नेलं. शेवटून दुसरी. तिच्या पायात स्लिपर होती, म्हणून नेली असेल असं मला वाटलं. त्यात मला वावगं काहीच दिसलं नाही. मी त्या शाळेतून दहावी होईपर्यंत टोकालाच उभा राहिलेला होतो.

साहेब उशिरा आले. तोवर ऊन उतरलं होतं आणि पोरं सकाळपासून बुंदीच्या वासावर उभी होती. अकोल्याच्या माणसाने काचेतून पाहिलं आणि मुख्याध्यापकांना म्हणाला, "सर, ही कमान माझ्या कामाची नाही. मला सरळ रांग लागते. अशी ठेवली तर टोकं फोकसच्या बाहेर जातील."

"साहेबांना निघायचंय," मुख्याध्यापक म्हणाले. "मधलं नीट येईल ना?"

"मधलं येईल."

"मग घ्या."

त्याने घेतला. एक खट्ट. पीटीच्या सरांनी शिट्टी मारली, पोरं सुटली, साहेब उठले, गाड्या धूळ उडवत गेल्या. युसुफभाई सकाळपासून फिल्म भरून उभे होते. ते सरांना म्हणाले, "सर, एक आमचाबी होऊ द्या. दोरी आखली हाय." सरांनी कपाळाला आठ्या घालून पोरं परत रेघेवर आणली. मधल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

उजेड कमी झाला होता, म्हणून युसुफभाईंनी फिरकीचा वेग अगदी सावकाश लावला. मग ओरडून सांगितलं, "पोरंहो, आवाज आला तरी हलू नका. हा कॅमेरा चालत चालत येते तुमच्याकडं."

पण पोरांनी नुकताच एक फोटो काढून घेतला होता. आवाज झाला की सुटायचं, हे ती शिकली होती. फिरकी डावीकडून घरघरत निघाली, आवाज झाला, आणि सवयीने पीटीच्या सरांनी शिट्टी मारली. लेन्स अजून खुर्च्यांपाशीही पोचली नव्हती.

"गेला बे," युसुफभाई दातांतून म्हणाले. दुसरा घ्यायला समोर कोणी उरलं नव्हतं. सगळी पोरं बुंदीच्या पातेल्याकडे.

रिकाम्या खुर्च्यांचा फोटो शाळेला काय करायचा? मलकापूरच्या लॅबच्या यंत्रात तर ती लांब निगेटिव्ह बसतही नव्हती. ती तशीच गुंडाळून युसुफभाईंच्या माळ्यावर गेली. अकोल्याच्या माणसाचा फोटो मोठा करून शाळेच्या ऑफिसात लागला. अजून आहे. मधोमध साहेबांच्या खिशातल्या पेनाची कडी दिसते. अध्यक्षांच्या मिशीतले पांढरे केस वेगळे काढता येतात. तिथून बाहेर निघा. दहावीचे हुशार विद्यार्थी ठीक. नववीची पोरं जराशी मऊ. मग चेहऱ्यांवरून कोणी ओलं फडकं फिरवल्यासारखं व्हायला लागतं, टोकाला अंधारून येतं, आणि शेवटची पोरं आडवी ताणलेली, पाण्यात बघितल्यासारखी. यात लेन्सचा दोष अर्धाच. उरलेला अर्धा आमच्या दोरीचा. फिरणाऱ्या काचेसाठी आखलेली रेघ न फिरणाऱ्या काचेसमोर मांडली गेली, आणि ज्यांना सारखं अंतर मिळावं म्हणून आखली तीच पोरं तिने आणखी पुसली.

त्या दिवशी वनिता द्रोणात बुंदी घेऊन घरी आली. मायने विचारलं, "कुठी उभी होतीस व?"

"कडेले," ती म्हणाली. "उंचीनं उभ्या केल्या ना."

त्याच पावसाळ्यात वनिता काविळीने गेली. आधी गावातलं औषध, मग बुलढाणा, मग अकोल्याला नेता नेता. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही, आणि लिहून काही होणारही नाही.

मग फोटोची शोधाशोध. लोकांना खरं वाटत नाही, पण ज्या घरातला मुलगा दर रविवारी दुसऱ्यांचे फोटो काढायला जातो त्या घरात त्याच्या बहिणीचा एकही फोटो नव्हता. आमच्याकडे रीत अशी की मुलीचा फोटो काढायचा तो एकदाच, स्थळाला दाखवायच्या वेळी. त्याआधी काढला तर तिला नजर लागते, असं मायचं म्हणणं. मी एकदा म्हटलं होतं, युसुफभाईंच्या बदकांसमोर बसवू तिला. माय म्हणाली, "बसव ना, इतकी काय घाई हाय? वेळ येईन तेव्हा बसव."

म्हणून शाळेच्या फोटोचं उजवं टोक. युसुफभाईंनी ऑफिसातल्या फोटोवरून फोटो घेतला, तेवढाच तुकडा जमेल तितका वाढवला आणि चौकटीत घालून दिला. आमच्या भिंतीवर बाबांच्या फोटोच्या पलीकडे वनिता म्हणून जे आहे ते असं आहे: एक फिकट लांबट गोल, त्यात दोन काळसर डाग म्हणजे डोळे, खाली एक ओढलेली सावली म्हणजे ओठ. दर वर्षी तिच्या तिथीला माय हार घालते आणि दर वर्षी एकच म्हणते.

"हे वनी नोहे. कोणाचीबी पोरगी म्हणून लावता येते हे."

तिचं खोटं नव्हतं. मलाही कधी कधी मेळ लागेनासा व्हायचा. वीस-बावीस वर्षं तो पुसट चेहरा बघून बघून खरा चेहरा त्याच्याआड गेला. मी वनिताला आठवायला डोळे मिटतो आणि समोर येते ती चौकट.

मागच्या वर्षी माय जेवताना ताटातलं लोणचं सोडून द्यायला लागली. मला वाटलं, तोंडाला चव नसेल. मग एकदा ती दाराच्या चौकटीवर आपटली. शेजारी येऊन बसलेल्या बाईला तिने विचारलं, कोण व? डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. कडेकडून नजर जाते आणि माणसाला कळतसुद्धा नाही. गेली ती परत येत नाही. मधली आहे तोवर आहे. आता तिला काही बघायचं तर आख्खं डोकं हळूहळू वळवावं लागतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, तुकड्या तुकड्याने.

डॉक्टरकडून मी तिला गाडीने आणलं. घरी उतरल्यावर म्हणाली, "गजू, डोळे हायेत तवर मले वनीचं तोंड एकदा साफ दाव."

तिने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. माझ्या नोकरीचंही तिने देवाला सांगितलं होतं, मला नाही.

युसुफभाई आता थकलेत. दुकानात त्यांचा मुलगा मोबाईलची कव्हरं विकतो. बदकांचा पडदा मागे गुंडाळून उभा केलेला. मी त्यांना रौप्यमहोत्सवाची फिरकीची निगेटिव्ह मागितली.

"खाली खुर्च्यावाला? तो तर बिघडला होता बे, मास्तर. पोरी हलल्या होत्या."

"सगळ्या हलल्या असतील असं नाही, युसुफभाई."

"नाही, तेबी खरं," ते म्हणाले, आणि मुलाला शिडी आणायला सांगितलं.

माळ्यावर बिस्किटांचे डबे. त्यांत तालुक्यातली लग्नं, बारशी, उद्घाटनं, ओलीने एकमेकांना चिकटलेली. आम्ही दोघं अंगणात ऊन पाठीवर घेऊन एकेक पट्टी आभाळाकडे धरत बसलो. युसुफभाई मधेच थांबायचे. "हा गेला. ही पण गेली. हा नवरदेव हाय अजून, पण बायको आता दुसरी हाय." नारिंगी पट्ट्यांत सगळे चेहरे उलटे, केस पांढरे, दात काळे, जिवंत आणि मेलेले ओळखू न येण्यासारखे सारखे. ती सापडली तेव्हा उजवं टोक बुरशीने धरलेलं नव्हतं. डावीकडच्या आभाळात थोडी होती. युसुफभाईंनी ती माझ्या रुमालात ठेवली आणि म्हणाले, "फिरकीनं आपलं काम केलं असन. तिची मले काळजी नाही."

जुन्या कॅमेऱ्यांच्या हौशी लोकांचा एक गट मोबाईलवर आहे, मीही त्यात आहे. ते लांब फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या लेन्स एकमेकींशी ताडून बघतात. विटांच्या भिंतीचे फोटो काढतात आणि कोपऱ्यातली वीट कोणत्या काचेत जास्त चोख आली यावर भांडतात. निगेटिव्ह कशी उतरवून घ्यावी हे विचारायला मी पुण्याच्या एकाला फोन केला. माझं बोलणं ऐकून त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगायला सुरुवात केली. मग विचारलं, "दोन्ही कॅमेऱ्यांचा एकाच जागेवरचा शॉट आहे तुमच्याकडे? दुर्मिळ आहे हो. कडेला काय आहे? भिंत आहे का?"

"भिंत नाही," मी म्हटलं. "पोरी आहेत."

शाळेच्या कपाटातून अकोल्याच्या माणसाची निगेटिव्हही मिळाली. आताचे मुख्याध्यापक माझ्याच वर्गातले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी दोन्ही पट्ट्या काचेवर ठेवल्या, खालून दिवा लावला, तुकड्या तुकड्याने फोटो घेतले आणि संगणकावर सुलट केले. मग एकीखाली एक मांडून डावीकडून बघत निघालो. जपानी काच मधोमध अशी की मी माझ्या शिकण्याला साजेलसं म्हणेन, तिला तोड नाही. फिरकी तिच्यापुढे काहीच नाही. तिच्यात मधे आहेत रिकाम्या खुर्च्या, एकीवर विसरलेला गुच्छ, दुसरीवर पाण्याचा ग्लास. पण डाव्या टोकाचा पहिला पोरगा, ज्याचं जपानी काचेने नुसतं धुकं केलं होतं, त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटन आणि त्या जागी लावलेली टाचणी फिरकीत दिसते. त्याच्या शेजारच्याच्या ओठावरचा फोड दिसतो. मी एकेक चेहरा ओळखत गेलो. हा आता गुजरातला आहे. हा विहिरीत गेला. ही सरपंच झाली. काच कुठेच ढिली पडेना. युसुफभाईंची दोरी कुठेच सैल नव्हती.

खुर्च्यांच्या पलीकडे शिट्टी ऐकलेली पोरं सुरू झाली. एकाचं डोकं वळलेलं. दोघी हसून एकमेकींकडे बघणाऱ्या. मग खांदे, मग पाठी. शेवटून दुसरी मुलगी एका पायावर भार देऊन उभी, दुसऱ्या पायाची स्लिपर टाचेतून सुटलेली. वनिता तशीच उभी राहायची, चुलीपुढेसुद्धा. तिची पाठ माझ्याकडे होती. तिकडे बुंदीचं पातेलं होतं.

मानेवरची लव दिसत होती. कानातली काडी दिसत होती. दुमडून वर बांधलेल्या दोन्ही वेण्यांचा पेड न् पेड मोजता आला असता. तोंड नव्हतं.

मी बराच वेळ दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून बसलो. एकात तोंड आहे, पण ते कोणाचंही असू शकतं. दुसऱ्यात ती वनिताच आहे, पण तोंड नाही. शिकलेला माणूस म्हणून मी खटपट करून बघितली, ही काच त्या काचेवर बसवता येते का म्हणून. येत नाही.

तरी मी फिरकीचा फोटो कागदावर काढून घेतला. रिकाम्या हाताने कसं जावं? साफ काहीतरी मायला दाखवीन म्हटलं होतं. जुनी चौकट मी आधीच भिंतीवरून उतरवून ठेवली होती, नवा त्यातच घालायचा म्हणून. भिंतीवर तेवढा चुना अजून उजळ होता.

माय अंगणात बाजेवर बसली होती. शेंगा सोलत होती, हाताच्या अंदाजाने. मी फोटो तिच्या हातात दिला आणि सांगितलं, "माय, यात ती वळून राहिली आहे. तोंड नाही आलं."

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि ती डोकं हळूहळू वळवत बघायला लागली. खांदा. कान. मान. एका वेणीशी आली आणि पुढे गेली. दुसऱ्या वेणीशी आली आणि थांबली.

"हा माह्या पातळाचा काठ हाय," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. एका वेणीला लाल रिबिन होती. दुसरीला जे होतं ते मी संगणकावर इतके दिवस बघत होतो आणि रिबिनच समजत होतो. लालच होतं ते. पण एका बाजूने फाडलेलं. धागे सुटलेले, आणि त्यांत एक पिवळी रेघ.

"एक रिबिन हरपली होती तिची," माय म्हणाली. "त्या दिशी सकाळी सापडेच ना. म्या काठ फाडला. लालच होता. दुरून कोणाले कळन नाही म्हटलं."

तिने बोट त्या सुटलेल्या धाग्यांवर ठेवलं आणि फिरवलं. कागद गुळगुळीत होता.

"इतकं साफ काऊन दिसते रे हे?"

मी मास्तर आहे. याचं उत्तर माझ्या तोंडावर तयार होतं, आकृतीसकट. "कॅमेरा तसा होता, माय," एवढंच मी म्हणालो.

तिचं बोट त्या धाग्यांवरच होतं. शेंगांची सालं वाऱ्याने बाजेखाली सरकत होती.

"उंचीनं उभ्या केल्या म्हणे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "मले काही बोल्ली नाही पोरगी."

मी तिच्या शेजारी बसलो. मी बसलो ते तिला दिसलं नाही, बाज हलली म्हणून कळलं. तिने फोटो पालथा करून माझ्या मांडीवर ठेवला.

"जुना लाव."

"त्यात तोंड पुसट आहे, माय. तूच म्हणतेस ना, ही वनी नोहे म्हणून."

"असू दे पुसट. माह्याकडं पाहून राह्यली त्याच्यात."

मी आत गेलो. खिळा होता तिथेच होता. चौकट पुसून परत अडकवली आणि ती त्या उजळ चौकोनावर बरोबर बसली. नवा फोटो माझ्या कपाटात आहे. तो मी कोणाला दाखवलेला नाही. पुण्याचे ते गृहस्थ अधूनमधून विचारतात, कडेचा निकाल काय लागला म्हणून. मी कळवतो म्हणतो.

संध्याकाळी दिवा लावल्यावर माय आत येऊन बसते. भिंतीकडे तोंड करून डोकं डावीकडून सुरू करते. दार, कॅलेंडर, देव्हारा, बाबा. वनिता त्या भिंतीच्या शेवटी आहे. तिथवर पोचायला तिला आता वेळ लागतो.